हिंवराची साल

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेनें नळदुर्ग मागें टाकलें म्हणजे थोड्याच वेळांत जळकोट हें गांव लागतें. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतलें हें जळकोट. लातूर जिल्ह्यांत याच नांवाचें जें तालुक्याचें ठिकाण आहे तें हें नव्हे. नळदुर्गाचा किल्ला व बोरी नदीवरील पाणीमहाल पाहून तृप्त झालेला प्रवासी बहुधा येथें थांबत नाहीं. आम्हीही कित्येक वेळां न थांबतां पुढें गेलों होतों. परंतु एका वर्षीं आश्विनाच्या आरंभीं गांवाबाहेरच्या माळावर पाय मोकळे करीत असतां एका झाडानें आमचें लक्ष वेधून घेतलें, आणि त्या झाडाच्या सालीचा माग काढतां काढतां जो इतिहास हातीं लागला तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

तें झाड म्हणजे हिंवर. बाभळीच्या कुळांतलें असलें तरी बाभळीहून तें दुरूनही निराळें ओळखूं येतें. बाभळीची साल काळी व भेगाळलेली. हिंवराची साल तरुणपणीं पांढुरकी, पिवळट छटेची, पातळ पापुद्र्यांनीं सुटणारी. म्हातारपणीं मात्र तीही काळवंडते व खरखरीत होते. पानें बाभळीसारखींच बारीक पिसांचीं, कांटे सरळ व जोडीजोडीनें आलेले. पावसाळा सरतां सरतां फांद्यांच्या टोंकांवर फिकट पिवळ्या, जवळजवळ पांढऱ्या, गोल फुलांचे मोठे झुबके येतात आणि सगळें झाड साय धरल्यासारखें दिसूं लागतें. पुढें चपट्या, किंचित् वांकड्या शेंगा पिकतात. शेळ्यामेंढ्यांना त्या फार आवडतात. कोरोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींचें वर्णन करणाऱ्या विल्यम रॉक्सबर्ग यांनीं या झाडास जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांतील ‘ल्यूकोफ्लिया’ या पदाचा ग्रीक अर्थ ‘पांढऱ्या सालीची’ असाच आहे. आपल्याकडे हिंवरें, हिंवरा, हिंवरखेड अशीं गांवांचीं नांवें जागोजाग आढळतात. त्यांवरून हें झाड दक्षिणेच्या कोरड्या पठारावर किती जुनें व किती ओळखीचें आहे हें सहज ध्यानांत येईल.

जवळच मेंढरें वळीत असलेल्या एका वृद्ध धनगरास आम्हीं या झाडाचे उपयोग विचारले. शेंगा मेंढरांना, कांट्या कुंपणाला, लांकूड औताला व चुलीला, साल कातडें कमावण्याला, असे उपयोग त्यांनीं बोटांवर मोजून सांगितले. सालीचा आणखी कांहीं उपयोग होत असे काय, असें विचारतांच ते हंसले. ‘त्ये आतां कशाला इचारता, मालक?’ एवढेंच म्हणून त्यांनीं मेंढरांकडे तोंड फिरविलें. उत्तर न देतांही त्यांनीं उत्तर दिलेंच होतें. दक्खनी बोलींत या झाडास ‘शराबकी कीकर’, म्हणजे दारूची बाभूळ, असें नांव आहे. इंग्रजींतही त्याला दारू गाळणाऱ्यांची बाभूळ अशा अर्थाचें नांव आहे. तमिळ मुलखांत तर ‘पट्टै’ म्हणजे साल, आणि ‘पट्टै चारायम्’ म्हणजे सालीची दारू.

हें नांव पडलें कशावरून? सालींतून दारू निघत नाहीं. आंबून मद्य होण्यास साखर लागते. ती गुळांत असते, मोहाच्या फुलांत असते, ताडाशिंदीच्या रसांत असते. मग भट्टीवाल्याला हिंवराची साल कां हवी असे? या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस युरोपांतील एका वेलीची आठवण झाली. ती वेल म्हणजे हॉप.

हॉप ही भांगेच्या कुळांतील वेल. तिच्या मादी वेलींना पापुद्र्यापापुद्र्यांचीं हिरवट बोंडें येतात, व त्या पापुद्र्यांच्या बुडाशीं पिवळे, चिकट कण असतात. जवाला मोड आणून काढलेल्या गोड रसांत हीं बोंडें उकळलीं कीं त्यांतील राळेमुळें रसास कडवटपणा येतो, सुगंधी तेलांमुळें वास येतो, आणि बिअर आंबविणाऱ्या किण्वाला धक्का न लागतां ती नासविणाऱ्या कित्येक जंतूंची वाढ मात्र खुंटते. शिवाय बोंडांतील तुरट द्रव्य रसांतील प्रथिनांना पकडून तळाशीं नेतें व रस निवळतो. बाराव्या शतकांत जर्मनींतील हिल्डेगार्ड या विदुषी जोगिणीनें हॉपमुळें पेय टिकतें हें लिहून ठेवलें होतें. सन १५१६ मध्यें बव्हेरियाच्या सत्ताधाऱ्यांनीं बिअरमध्यें जव, हॉप व पाणी यांवांचून कांहीं घालूं नये असा नियम केला. इंग्लंडांत हॉप समुद्रापलीकडून येऊन रुजला, आणि पुढें केंट परगण्यांत ‘गोल्डिंग’, ‘फगल’ अशा त्याच्या जाती नांवारूपास आल्या. बोहेमियांतील झाटेत्सच्या हॉपची कीर्ति तर आजही कायम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केप ऑफ गुड होपला वळसा घालून विलायतेहून मुंबईकलकत्त्यास जी बिअर येई, तींत हॉपचें प्रमाण मुद्दाम वाढविलेलें असे. कारण उष्ण समुद्रांतील कित्येक महिन्यांच्या प्रवासांत ती टिकावी लागे.

म्हणजे छावणींतल्या गोऱ्या शिपायाच्या पेल्यांतील बिअर नासूं नये म्हणून जी वस्तु सात समुद्रांपलीकडून येत होती, तिच्यासारखेंच काम करणारी एक वस्तु त्याच वेळीं दक्षिणेंतल्या माळामाळांवर फुकट उभी होती. दोहोंचें साम्य सर्वस्वीं नाहीं. हिंवराच्या सालीला हॉपचा सुगंध नाहीं व तिची कडू राळही नाहीं. परंतु गोड रस निवळविणें आणि नासण्यापासून राखणें हीं दोन कामें दोघांचींही आहेत.

तीं कशीं होतात हें समजण्यास तुरट द्रव्याचा स्वभाव जाणला पाहिजे. शास्त्रांत त्याला टॅनिन म्हणतात, व प्रथिनांशीं बांधलें जाणें हा त्याचा धर्म आहे. जनावराच्या चामड्यांतील प्रथिनांशीं तें बांधलें गेलें कीं कातडें कमावलें जातें. लाळेंतील प्रथिनांशीं बांधलें गेलें कीं आपण वस्तूस ‘तुरट’ म्हणतों. हिरड्यांना लावलें तर त्या आवळल्या जातात. आयुर्वेदांत दांतांच्या विकारांवर इरिमेदादि तैल सांगितलें आहे, त्यांतील इरिमेद म्हणजे हिंवर किंवा त्याचा जवळचा भाऊबंद असें वैद्य मानतात. चामडें कमावणारा, वैद्य आणि भट्टीवाला असे तीन निराळे लोक तीन निराळ्या कामांसाठीं एकाच जातीच्या झाडांकडे आले, तें या एका गुणामुळें.

भट्टीची रीत अशी असे. गूळ पाण्यांत कालवून तें पाणी मातीच्या रांजणांत भरावयाचें, त्यांत कुटलेली साल टाकावयाची, आणि तोंड झांकून रांजण उबेच्या जागीं ठेवावयाचा. या मिश्रणाला सडवा म्हणतात. किण्व गुळाची साखर खाऊं लागलें कीं सडवा फसफसतो. हवेच्या उष्णतेप्रमाणें कांहीं दिवसांनीं फेंस बसला म्हणजे तो तयार झाला असें समजावयाचें. मग तें भांडें चुलीवर चढवून वाफ नळींतून बाहेर काढावयाची व थंड पाण्यांत ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यांत ती उतरवून घ्यावयाची. या सगळ्यांत खरी कसोटी असते ती सडव्याची. मराठवाड्याचा उन्हाळा, मातीचें भांडें आणि मळी न काढलेला हलका गूळ अशा स्थितींत किण्वाबरोबर दुसरे जंतूही चढाओढीनें वाढतात. ते वरचढ झाले कीं सडवा आंबट होतो आणि गुळाचे पैसे बुडतात. साल अशा वेळीं उपयोगी पडे. ती गुळांतील प्रथिनें तळाशीं बसवी, आणि उपद्रवी जंतूंना जड जाई. ती फार झाली तर किण्वच मंद होई, थोडी झाली तर उपयोग होत नसे. हें प्रमाण हातांत असे. तें मोजमापानें लिहून ठेवण्याची गरज गाळणाऱ्याला कधीं वाटली नाहीं. जॉर्ज वॅट यांचा हिंदुस्थानांतील उपयुक्त वस्तूंचा मोठा कोश सन १८८९ पासून निघूं लागला, त्यांत सालीच्या या उपयोगाची नोंद आहे. पण ती नोंद झाली, हाताचा अंदाज नव्हे.

ही युक्ति कालपरवाची नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं ‘मैरेय’ नांवाचें मद्य सांगितलें आहे. मेषशृंगी नांवाच्या झाडाच्या सालीचा काढा, त्यांत गूळ, आणि पिंपळी, मिरें व त्रिफळा यांचा मसाला अशी त्याची कृति. त्रिफळ्यांतील हिरडा तर कातडें कमावणाऱ्यांच्या नेहमींच्या उपयोगाचा. झाड निराळें, परंतु गूळ आणि तुरट साल ही जोडी तीच. आसवारिष्टांत वैद्य धायटीचीं फुलें घालतात, तींही तुरटच. सन १९०९ मध्यें म्हैसूरच्या शामशास्त्रींनीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें तेव्हां राजनीतीच्या अभ्यासकांनीं तें उत्सुकतेनें वाचलें; भट्टीपाशीं बसणाऱ्याच्या हातीं तें पुस्तक कधीं गेलें नसेल, पण त्यांतली एक ओळ तो रोज आचरीत होता. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या प्रकरणांत मद्याच्या या कृति आहेत, त्याच प्रकरणांत मद्य कोणीं करावें, कोठें विकावें आणि नियम मोडल्यास दंड काय, हेंही सांगितलें आहे. कृति आणि कर हीं तेव्हांपासून शेजारीं शेजारीं नांदत आलीं आहेत.

मग हॉपला एवढें नांव मिळालें आणि हिंवराला कां मिळालें नाहीं? आमच्या मतें याला तीन कारणें आहेत. पहिलें चवीचें. हॉपचा कडवटपणा व वास पेल्यांत उतरतो. पिणारा तो ओळखतो आणि मागतो. हिंवराचें तुरट द्रव्य वाफेबरोबर वर चढत नाहीं, तें भट्टीच्या भांड्यांतच मागें राहतें. पिणाऱ्याची आणि सालीची कधीं गांठच पडत नाहीं. दुसरें कारण लागवडीचें. हॉपची वेल मुळांच्या तुकड्यांनीं लावतात, त्यामुळें एका चांगल्या वेलीचे गुण पिढ्यान् पिढ्या तसेच राहतात. तिला नांव देतां येतें, तिचा भाव ठरतो, तिचा बाजार भरतो. हिंवर बियांपासून आपोआप उगवतो. त्याची निवड कोणीं केली नाहीं, म्हणून त्याच्या जातीही झाल्या नाहींत. तिसरें कारण राज्यकारभाराचें, आणि तेंच आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

जळकोटचा मुलूख निजामाच्या राज्यांतला. सन १८५३ च्या तहानें नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला. कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असलेले मेडोज टेलर हे तेथें कांहीं वर्षें अधिकारी होते. आणि सन १८६० मध्यें तो जिल्हा पुन्हां निजामाकडे आला. सत्ता बदलली तरी दारूच्या मक्त्याची रीत दोन्ही राज्यांना ओळखीची होती. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्त्यानें द्यावयाचा, आणि मक्ता घेणाऱ्याच्या हाताखालीं गांवोगांवच्या कलालांनीं लहान लहान भट्ट्या चालवावयाच्या, अशी ती रीत. मराठवाड्यांत ठेकेदाराला अजूनही ‘गुत्तेदार’ म्हणतात. मग तो रस्ता बांधणारा असो कीं पूल बांधणारा असो. अशा लहान भट्टीला लागणारें सर्व साहित्य हाकेच्या अंतरावर मिळे. गूळ गुऱ्हाळाचा, जळण माळाचें, साल हिंवराची, आणि हिंवर नसेल तेथें बाभळीची.

पुढें सरकारच्या लक्षांत आलें कीं शंभर ठिकाणीं पेटणाऱ्या शंभर चुलींवर कर बसविण्यापेक्षां एका मोठ्या भट्टीच्या दारांत पहारा बसविणें सोपें. मुंबई इलाख्यांत सन १८७८ चा आबकारी कायदा झाला व मोठ्या भट्ट्यांतून दारू पुरविण्याची पद्धत वाढीस लागली. मोहाच्या दारूबद्दल उरणच्या भट्ट्या प्रसिद्धीस आल्या. लोकांनीं घरोघर दारू गाळूं नये म्हणून सन १८९२ मध्यें मोहाच्या फुलांवरही निर्बंध घालणारा कायदा आला. हैदराबाद संस्थानांत १३१६ फसलीचा, म्हणजे सन १९०६-०७ च्या सुमाराचा, आबकारी कायदा झाला. परवान्यावांचून दारू गाळणें हा गुन्हा ठरला. मोहाप्रमाणें हिंवरावर कायदा करण्याची कोणासही गरज भासली नाहीं. ज्या चुलीपाशीं सालीचें ज्ञान बसलें होतें ती चूलच विझविण्यांत आली.

मोठ्या कारखान्याला सालीची जरुरी नव्हती. सन १८७६ मध्यें लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ निघाला. सन १८८३ मध्यें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत एमिल हान्सन यांनीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध किण्व वापरांत आणलें. यानंतर साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढणारे लोक निवडलेलें किण्व वापरूं लागले व तेजाब घालून आम्लता हवी तेवढी राखूं लागले. साल जें काम अंदाजानें करी तें आतां मोजून होऊं लागलें. याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. मोजलेलें काम अधिक भरंवशाचें असतें. परंतु हेंच शास्त्र हॉपच्याही घरीं गेलें होतें आणि हॉप मात्र टिकला. त्याची चव लोकांना हवी होती, आणि त्याचा व्यापार उघड्यावर, हिशेबांत व कायद्याच्या आश्रयाखालीं चालला होता. म्हणून शास्त्रज्ञांनीं त्याला बाजूस न सारतां त्याच्या नव्या जाती काढल्या.

हिशेबाच्या वहींत नांव असणें नेहमींच हितकर असतें असें मात्र नाहीं. हिंवराचीच शेजारीण शिंदी. तिच्या झाडांचा रस काढण्यावर कर असे, आणि निजाम सरकारच्या उत्पन्नांत आबकारीचा वांटा फार मोठा होता. सन १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामांत त्या उत्पन्नावर घाव घालावा म्हणून सत्याग्रह्यांनीं मराठवाड्यांत ठिकठिकाणीं शिंदीचीं झाडें तोडलीं. झाडाचा अपराध एवढाच कीं तें खजिन्याला पैसा देत होतें. हिंवरावर अशी कुऱ्हाड कोणीं चालविली नाहीं. त्याचें नांव कोणत्याच वहींत नव्हतें. ज्या अनामिकपणामुळें तो इतिहासांतून गळला, त्यानेंच त्याला त्या वेळीं वांचविलें.

आतां एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. दारूच्या साहित्याचा एवढा इतिहास उगाळून सुशिक्षित कुटुंबांतील वाचकांना काय मिळणार, असें कोणी विचारील. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. सन १९०८ मध्यें पुण्यांत दारूच्या दुकानांपुढें उभे राहणारे स्वयंसेवक, सन १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा करणारे पुढारी, आणि त्यानंतर गांवोगांव दारूचें दुकान बंद करा म्हणून उठलेल्या स्त्रिया, यांनीं जें सांगितलें तें अनुभवाचें आहे. मक्ता केवढ्याला गेला हें दप्तरांत सांपडतें. त्या मक्त्यापायीं किती घरांतली भाकरी कमी झाली हें कोणत्याच दप्तरांत सांपडत नाहीं. हिंवराच्या सालीचा गुण सांगतांना तिच्या रांजणांतून काय बाहेर पडत होतें हें विसरून चालणार नाहीं, व आम्ही तें विसरलेलों नाहीं.

तथापि चूल विझविल्यानें भट्टी विझली नाहीं हाही इतिहासच आहे. ती ओढ्यांत आणि उसांत लपली व ‘हातभट्टी’ हें नांव घेऊन राहिली. जुनी साल तेथें कोठें कोठें अजून पोहोंचते, पण आतां तिच्या जोडीला नवसागर आणि त्याहूनही वाईट पदार्थ येऊन बसले आहेत. सन २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तें विष गुळाचें नव्हतें, सालीचें नव्हतें, तें कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या मेथिल अल्कोहोलचें होतें. उघड्यावर चालणाऱ्या धंद्यांत एकाची चूक दुसरा दाखवितो, आणि त्यांतून रीत ठरते. लपून चालणाऱ्या धंद्यांत चूक दाखविणारा कोणी नसतो, आणि ती माणसें मेल्यावरच कळते. दारू असावी कीं नसावी याबद्दल ज्याचें मत कांहींही असो, एखादें ज्ञान काळोखांत लोटलें म्हणजे तें नाहींसें होत नाहीं, तें बिघडतें, एवढें तरी हिंवराच्या सालीच्या इतिहासावरून शिकण्याजोगें आहे.

त्या सालीचे इतर गुण मात्र उजेडांतले आहेत आणि ते नव्यानें पाहण्याजोगे आहेत. ज्या माळावर दुसरें झाड तग धरीत नाहीं तेथें हिंवर उभा राहतो. त्याच्या शेंगांवर मेंढरें जगतात, त्याच्या सालीनें कातडें कमावतां येतें, आणि दुष्काळांत त्याची साल पिठांत मिसळून खाल्ल्याच्याही जुन्या नोंदी आहेत. जें झाड सुकाळांत कलालाच्या रांजणांत गेलें, तेंच दुष्काळांत गरिबाच्या पिठांत गेलें, हें लक्षांत आलें म्हणजे त्याला नुसती ‘दारूची बाभूळ’ म्हणणें अपुरें वाटूं लागतें.

त्या दिवशीं जळकोटच्या माळावरून निघतांना आम्हीं त्या वृद्ध धनगरास पुन्हां कांहीं विचारलें नाहीं. त्यांच्या हंसण्यांत लाज होती, आणि थोडा अभिमानही होता असें आम्हांस वाटलें. त्यांना जें ठाऊक होतें तें त्यांच्या बरोबरच जाईल. तें जावें कीं राहावें याचा निर्णय आमच्या हातीं नाहीं. पण तें होतें, आणि तें केवळ अडाणीपणाचें नव्हतें, एवढी नोंद तरी कोठें असावी, म्हणून ही येथें केली आहे.